सुईच्या आधी डबा

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय २४, उंची पाच फूट सात इंच, वजन ६८ किलो. राहायला भांडुपला, नोकरी लोअर परळला. चौदा महिने जिम चालू आहे. दंड थोडे भरलेत, पण खांदे-छाती कपड्यातून दिसत नाहीत आणि बेंबीभोवतीची चरबी हटत नाही. जिममधला एक सीनियर म्हणतो, बारा आठवड्यांचा स्टेरॉइडचा कोर्स मार, चरबी न वाढता आठ-दहा किलो मसल येईल, सोबत लिव्हरची गोळी घेतलीस की काही होत नाही. दोन वर्षांत घरी लग्नाचं बघतील, त्याआधी बॉडी व्हायला हवी. तर सर, कोर्स घेऊ का? आणि न घेता अंग भरणं आणि पोट आत राहणं, दोन्ही एकदम जमतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: जमतं. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे, पण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तू माझं ऐकणार नाहीस. तो सीनियर तुला रोज भेटतो, मी नाही. म्हणून सगळं नीट सांगतो.

मी चोवीस वर्षं मुलांकडून व्यायाम करून घेतोय. सुरुवात लालबागच्या एका व्यायामशाळेत झाली, आता दादरला असतो. या काळात इतक्या मुलांना सुई घेताना पाहिलंय की पहिली गोष्ट अगदी सरळ सांगतो. स्टेरॉइड काम करतं. ‘ते सगळं पाणी असतं, त्याने काही होत नाही’ असं जे शिक्षक सांगतात ते खोटं बोलतात. मुलगा शेजारच्या पोराचे खांदे दोन महिन्यांत फुगलेले बघतो आणि मग शिक्षकाच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो. १९९६ साली अमेरिकेत एक नामांकित प्रयोग झाला. वजनं उचलायचा अनुभव असलेल्या त्रेचाळीस पुरुषांचे चार गट केले. काहींना दर आठवड्याला ६०० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्टेरॉइडमधलं मूळ पुरुषी हार्मोन, काहींना नुसतं तेल, असं दहा आठवडे. नुसता व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन सुमारे दोन किलोंनी वाढलं. औषध घेऊन व्यायाम अजिबात न करणाऱ्यांचं तीन किलोंहून थोडं जास्त. औषध आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं सहा किलोंच्या आसपास. बसून राहणारा माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला, इतकं ते औषध जोरकस आहे. आता त्यातला आकडा बघ. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण पाच ते सात मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं. प्रयोगात दिलेला डोस त्याच्या कैक पट होता. जिममध्ये जे ‘कोर्स’ म्हणून विकतात, त्यात हेच एक इंजेक्शन, वर दुसरं, वर गोळ्या असं रचलेलं असतं.

मी स्वतः घेतलंय. २००१ साली, एका स्थानिक स्पर्धेसाठी, आठ आठवडे गोळ्या. माझ्या सीनियरने दिल्या, मी विचारलंही नाही की काय आहे. सहा किलो वजन वाढलं, बेंचवर पंधरा किलो जास्त उचलायला लागलो, स्टेजवर तिसरा आलो. गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या चार महिन्यांत त्यातलं चार-साडेचार किलो उतरलं. सकाळी उठावंसं वाटेना, जिमच्या जिन्याशी येऊन परत फिरायचो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर चांगलं कोलेस्टेरॉल, ज्याला एचडीएल म्हणतात, ते अठरावर आलं होतं. पुरुषात ते चाळीसच्या वर असावं लागतं. वय होतं सव्वीस. तो रिपोर्ट अजून घरी आहे.

आता तुझ्याकडे येऊ. तुझं चरबीचं प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास असावं असं तुझ्या वर्णनावरून धरतो. म्हणजे ६८ किलोंपैकी चरबी सोडून साधारण ५६ किलो. या आकड्याला उंचीच्या वर्गाने भागायचं, उंची मीटरमध्ये. तुझी उंची १.७०, तिचा वर्ग २.८९. उत्तर येतं साधारण १९.३. या मोजमापावर १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात स्टेरॉइड न घेणाऱ्या कसलेल्या खेळाडूंचा आकडा पंचविसाच्या आसपास येऊन थांबलेला दिसला. ही काही दगडावरची रेघ नाही, एखादा जन्मजात दणकट माणूस तिच्या पलीकडे जातो. पण तुझ्या उंचीला पंचवीस म्हणजे चरबी सोडून ७२ किलो. तू आहेस ५६ वर. तिथपर्यंत सगळे पोचत नाहीत, माझेही फार थोडे विद्यार्थी पोचले. तरी त्या सोळा किलोंतले निम्मे मिळाले तरी गल्लीत तुला कुणी ओळखणार नाही. तुझ्या अंगाची नैसर्गिक मर्यादा अजून तुझ्या नजरेच्या टप्प्यातही आलेली नाही आणि ती ओलांडायचं औषध तू विचारतोयस.

मग चौदा महिन्यांत अंग का भरलं नाही? तू दिवस कसा जातो ते लिहिलं आहेस म्हणून बरं झालं. सकाळी चहा-बिस्कीट, कधी पोहे. आठची गाडी. डब्यात तीन चपात्या आणि बटाट्याची नाहीतर फ्लॉवरची भाजी. संध्याकाळी करी रोड स्टेशनबाहेर वडापाव आणि चहा. रात्री नऊला घरी, मग जिम साडेदहापर्यंत, जेवण अकराला वरण-भात, वर प्रोटीन पावडरचा एक स्कूप. मोबाइल बघत झोपायला दीड. उठायला साडेसहा.

याची बेरीज मी केली. पोह्यांत पाच ग्रॅम प्रोटीन, तीन चपात्यांत नऊ, भाजीत दोन-तीन, वडापावात सहा, वरण-भातात दहा, पावडरीत चोवीस. साठच्या आतबाहेर. आणि तुला लागतं किती? २०१८ साली एकोणपन्नास चाचण्या एकत्र करून केलेला एक मोठा आढावा आला. त्याचा निष्कर्ष असा, की वजनाचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीनचा फायदा होतो, त्यापुढे वाढवून फारसा फरक पडत नाही. तुझ्यासाठी ते होतं १०९ ग्रॅम. तू निम्म्यावर चालतोयस. भिंत बांधायला रोज अर्धाच विटांचा ट्रक येतोय आणि तो सीनियर सांगतोय, गवंडी वाढव.

तुझ्या घरच्या स्वयंपाकात १०९ बसवून दाखवतो. सकाळी निघण्याआधी चार अंडी, पिवळ्या बलकासकट, सोबत एक-दोन चपात्या किंवा थोडे पोहे: एकोणतीस ग्रॅम. डब्यात त्याच तीन चपात्या, पण बटाट्याच्या जागी मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, मोठी वाटी भरून, आणि छोट्या डबीत दही: पंचवीस. संध्याकाळी वडापावाच्या जागी खिशातले पन्नास ग्रॅम फुटाणे: दहा. रात्री वरण-भात थोडा आणि दोन मध्यम बांगडे, किंवा दीडशे ग्रॅम चिकन: अडतीस. झोपताना कपभर दूध: सात. झाले एकशे नऊ, आणि पावडरीचा डबा उघडलाही नाही. तुमच्या घरी मासे होतात म्हणतोस, मग तुझ्याइतकं सोपं कुणालाच नाही. बांगडा, बोंबील, मांदेली हे जिमच्या कुठल्याही महाग डब्यापेक्षा मला भरवशाचं वाटतं. सुक्या बोंबलात तर वजनाच्या मानाने प्रोटीन प्रचंड असतं, फक्त मीठ फार, म्हणून भिजवून, धुऊन घ्यावेत आणि रोज खाऊ नयेत.

श्रावणात काय, असं मला दरवर्षी विचारतात. श्रावणात सोयाबीनच्या वड्या. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमहून जास्त प्रोटीन असतं. पन्नास ग्रॅम वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून रस्सा केला की बांगड्याची जागा भरते. पनीरही चालेल, पण दीडशे ग्रॅम पनीरसोबत तीस-पस्तीस ग्रॅम चरबीही येते, तेव्हा त्या दिवशी तेल-तूप हात राखून. अंडीही बंद असतील तेव्हा मात्र पावडरीचा स्कूप खरंच उपयोगी पडतो. तो सीलबंद, एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) नंबर असलेला, बिल घेऊन विकत घ्यायचा. सुट्या पिशवीतला, ‘आपल्याच माणसाचा’ गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, घेऊ नये. महिन्यात पाच किलो वाढवणारी पावडर कुणी देत असेल तर तिच्यात पावडरीशिवाय काय आहे ते आधी विचार.

आणखी एकच गोष्ट विकत घेण्यासारखी आहे, ती म्हणजे क्रिएटिन मोनोहायड्रेट, स्नायूंना जोर द्यायला मदत करणारी साधी पूड. रोज तीन ते पाच ग्रॅम, पाण्यातून, कुठल्याही वेळी. स्वस्त आहे आणि त्याच्यावर भरपूर संशोधन झालंय. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरल्यामुळे किलोभर वजन वाढेल, घाबरू नकोस. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. बाकी फॅट बर्नर, टेस्टोस्टेरॉन बूस्टर यांचे पैसे अंड्यांवर घाल.

आता पोट. तुला चरबी न वाढता अंग हवंय, म्हणून पहिले बारा आठवडे वजन वाढवायचंच नाही. आश्चर्य वाटेल, पण तुझ्यासारख्याचं, ज्याचं खाणं आणि व्यायाम आजवर धड जुळलेच नाहीत, त्याचं शरीर याच काळात एका बाजूने चरबी सोडतं आणि दुसऱ्या बाजूने स्नायू धरतं. ही संधी पाच वर्षं व्यायाम केलेल्याला सहसा मिळत नाही. वजन ६८ च्या आसपास राहू दे. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर काट्यावर उभा राहा आणि आठवड्याची सरासरी काढ. एका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही, आदल्या रात्रीच्या खारट जेवणानेही किलोभर फरक पडतो. दर रविवारी शिंप्याच्या टेपने बेंबीपाशी कंबर मोज, श्वास सोडून, पोट न ओढता. वजन तेच, कंबर अर्धा-एक इंच कमी आणि वहीतले आकडे चढते, असं दिसलं की सगळं जागेवर आहे असं समज.

त्यानंतर वाढवायचं, पण हळू. आधीच्या जेवणावर दोन-अडीचशे कॅलरी, म्हणजे दोन चपात्या जास्त किंवा एक केळं आणि मूठभर शेंगदाणे. महिन्याला पाऊण ते एक किलोच्या वर वजन जाता कामा नये. त्यापेक्षा वेगाने वाढलं तर ती बहुतेक चरबीच असते. मग आपल्याकडे नेहमीचा खेळ सुरू होतो: सहा महिने बल्किंगच्या नावाखाली बिर्याणी, मग दोन महिने कटिंगच्या नावाखाली उपाशी, आणि वर्षाअखेर माणूस होता तिथेच. महिन्यात कंबर अर्ध्या इंचाहून जास्त वाढली तर एक चपाती कमी कर. इतकं साधं आहे.

व्यायामाचं बोलू. माझ्याकडे नवा मुलगा आला की मी एकच प्रश्न विचारतो: गेल्या महिन्यात याच दिवशी स्क्वॉट किती किलोचा आणि किती रेप्सचा, म्हणजे एका दमात किती वेळा, मारलास? दहापैकी नऊ जण छताकडे बघतात. लालबागला आमचे वस्ताद होते. ते भिंतीवर खडूने प्रत्येकाच्या नावापुढे जोर-बैठकांचे आकडे लिहायचे आणि आकडा वाढल्याशिवाय आदला पुसू द्यायचे नाहीत. मी आठवड्याचं काम करून ताठ मानेने त्यांच्यासमोर उभा राहिलो की ते माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघायचे. तेव्हा राग यायचा. आज मी शंभर पानी वही घ्यायला लावतो, ती त्याच भिंतीची सवय.

वहीत असं लिही. बेंच प्रेस ४० किलो, तीन सेट (मध्ये थांबून तीन फेऱ्या), ८, ८, ७ रेप्स. पुढच्या वेळी त्याच वजनावर एखादा रेप वाढव. तीनही सेटमध्ये बारा-बारा झाले की अडीच किलो चढव आणि परत आठापासून सुरू कर. प्रत्येक मोठ्या व्यायामाला हेच. आठवड्यातून चार दिवस पुरेत, दोन दिवस कमरेच्या वरचं, दोन दिवस खालचं, म्हणजे प्रत्येक स्नायूला आठवड्यात दोनदा काम मिळतं. बेंच, खांद्यावरून वर ढकलायचा प्रेस, रोइंग, पुल-अप्स. खाली स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट, लंजेस, पोटऱ्या. दंडासाठी शेवटी दोन-तीन सेट. एका स्नायूला आठवड्याला दहा-बारा चांगले सेट मिळाले तरी पहिल्या वर्षाला भरपूर झाले. चांगला सेट म्हणजे संपला तेव्हा अजून एक किंवा दोनच रेप निघाले असते असा. तू लिहिलंयस ‘सोमवार छाती, मंगळवार बायसेप्स, बुधवार छाती-बायसेप्स’. पायांचा उल्लेखच नाही. खांदे दिसत नाहीत म्हणतोस, पण पाठ आणि पाय न कमावलेल्या माणसाचे खांदे कधीच दिसत नाहीत, तो समोरून हँगरसारखा दिसतो.

आणि झोप. मुंबईत यावर बोललं की मुलं हसतात, पण याचा तुझ्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा संबंध आहे. २०११ साली दहा निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. त्यांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं. त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलं. दीड ते साडेसहा म्हणजे पाच तास. तू चौदा महिने तोच प्रयोग स्वतःवर करतोयस, आणि जे रोज रात्री गमावतोस तेच बाटलीतून विकत घ्यायला निघालास. रात्रीची जिम सोड. नऊला घरी येऊन जेव, साडेदहाला मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, सव्वापाचला ऊठ, पावणेसहा ते पावणेसात जिम, आठची गाडी. पहिले दहा दिवस जड जातील. बदल एकच करणार असशील तर हा कर.

आता परत त्या कोर्सकडे. तुझा सीनियर लिव्हरच्या गोळीचं सांगतो, कारण लिव्हरची भीती सगळ्यांना माहीत आहे. गोळ्यांच्या रूपातली बरीच स्टेरॉइडं लिव्हरमध्ये तुटू नयेत अशी बनवलेली असतात आणि ती लिव्हरला त्रास देतात, हे खरं. इंजेक्शनचा लिव्हरवर त्या मानाने कमी भार पडतो, म्हणून ‘सुई सेफ असते’ असा समज पसरलाय. पण लिव्हरची गोळी हृदयाचं काय करणार? २०१७ साली अमेरिकेत वजनं उचलणाऱ्या १४० पुरुषांची सोनोग्राफीने हृदयं तपासली, त्यातले ८६ जण स्टेरॉइड घेतलेले. हृदय प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते मोजतात. न घेणाऱ्यांचं सरासरी ६३ टक्के आलं, घेणाऱ्यांचं ५२. स्नायू मोठे, पंप कमजोर. ज्यांनी औषध थांबवलं होतं त्यांचा पंप बराचसा सावरलेला दिसला. पण घेणाऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला थर जास्त होता, आणि जितकी वर्षं घेतलं तितका जास्त. तो थर कोर्स संपला म्हणून निघून जात नाही. त्यात रक्त दाट होतं, बीपी चढतं. यातलं काहीही आरशात दिसत नाही, उलट आरशात सगळं उत्तम दिसत असतं.

तू लग्नाचं लिहिलंस म्हणून दुसरी गोष्ट जास्त सविस्तर सांगतो. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असते. बाहेरून भरमसाट आलं की ती म्हणते, कारखाना बंद करा. अंडकोषांना जाणारे निरोप थांबतात, ते लहान होत जातात आणि शुक्रजंतू बनणं थांबतं. हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून याचीच चाचणी घेतली होती. १९९० साली तिचे निष्कर्ष आले. आठवड्याला २०० मिलीग्रॅमचं एक इंजेक्शन दिलं, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्रजंतू उरला नाही. दोनशे. तुझ्या जिममधल्या कोर्समध्ये किती आहे ते त्या सीनियरला विचार.

माझा एक विद्यार्थी होता, परळचा, चार-पाच वर्षं कोर्सवर कोर्स करणारा. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. घरच्यांनी सुनेला डॉक्टरांकडे न्यायला सुरुवात केली. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, औषधं झाली, एक छोटं ऑपरेशन झालं. याची तपासणी करावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, इतका धडधाकट गडी. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी अडून बसून त्याचा नमुना मागितला. तो रिपोर्ट चार घड्या घालून पाकिटात ठेवून तो माझ्याकडे आला. दुपारची वेळ, जिम रिकामी. कागद त्याने बाकावर पसरला आणि बोट ठेवलं. शुक्रजंतूंच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘निल’. तो म्हणाला, सर, तिला दोन वर्षं सुया टोचल्या ओ. बाकी काही बोलला नाही. त्याने सगळं बंद केलं, विशेषज्ञांकडे उपचार घेतले, वर्ष-सव्वा वर्षाने जंतू दिसायला लागले, आज त्यांना मुलगी आहे. सगळ्यांचं इतकं वेळेत परत येत नाही, काहींचं पूर्ण येत नाही, आणि आपण कुठल्या गटात पडणार हे सुई घेण्याआधी कळायला मार्ग नाही.

बाकीचं लवकर सांगतो. जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-हार्मोनमध्ये, बदलतं, त्यातून छातीत गाठ धरू शकते. माझ्याकडे एक मुलगा मे महिन्यात दोन बनियनं घालून यायचा, त्याचं कारण तेच. ती गाठ जुनी झाली की ऑपरेशनशिवाय जात नाही. केस जाणं, पाठभर पुरळ, चिडचिड हे अनेकांना होतं. स्नायू झपाट्याने ताकद धरतात, स्नायूबंध तितके पटकन धरत नाहीत, म्हणून छातीचा किंवा दंडाचा स्नायू हाडापासून फाटू शकतो. अठराच्या आतल्या मुलांच्या तर हाडांची वाढच वेळेआधी थांबू शकते. तुझ्या बाजूला अशी कोणी पोरं घेत असतील तर गप्प बसू नकोस.

आणि बाटलीत काय आहे? आपल्याकडे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानदाराने ती द्यायची नाहीत. जिमच्या बॅगेतून येणारी बाटली कुठे भरली गेली हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ट्रेनबोलोन नावाचं जे सगळ्यात ‘कट्स आणणारं’ म्हणून विकतात ते गुरांचं मांस वाढवायला वापरलं जाणारं औषध आहे. सध्या मेफेंटरमाइनचं इंजेक्शनही जिममधून फिरतंय, व्यायामाआधी जोश यावा म्हणून. ते शस्त्रक्रियेच्या वेळी कोसळलेलं बीपी वर आणायचं औषध आहे. चांगल्या बीपीच्या माणसाने ते टोचून वर स्क्वॉट मारायचा म्हणजे काय होऊ शकतं ते मी लिहायला नको. हे कुणी हातात दिलं तर त्या जिममधून बाहेर पड.

स्पर्धेचं मनात असेल तर तेही लक्षात ठेव. २०२२ साली आपल्याकडे डोपिंगविरोधी स्वतंत्र कायदा मंजूर झाला आणि चाचणी नाडा ही राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था घेते. तू तसं काही लिहिलं नाहीस, म्हणून त्यात जात नाही.

तुला खरंच शंका असेल की आपल्यात हार्मोन कमी आहे, सकाळचा थकवा, इच्छा कमी, दाढी विरळ असं काही असेल, तर रक्ताची तपासणी कर. सकाळी उपाशीपोटी, आणि कमी आलं तर काही दिवसांनी पुन्हा एकदा, कारण एका रिपोर्टवर निदान होत नाही. त्याआधी दोन आठवडे नीट झोप, नाहीतर झोपेचाच रिपोर्ट हातात येईल. आकडा खरोखर कमी असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, जा. परळच्या केईएम रुग्णालयात हा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जे उपचार मिळतात ते कमी असलेलं जागेवर आणण्यासाठी असतात, आणि मूल हवं असेल तर उपचार वेगळे निवडावे लागतात, हे डॉक्टरांना आधीच सांग.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आधीच घेत असेल तर त्यालाही दोन शब्द. लाजू नकोस आणि डॉक्टरांपासून लपवू नकोस, त्यांनी शंभर जण पाहिलेले असतात. बीपी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल), लिव्हर, ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि वीर्यतपासणी, एवढं करून घे. सुई किंवा औषधाची बाटली कुणाबरोबरही वाटून घेऊ नकोस, एचआयव्ही आणि कावीळ त्याच रस्त्याने येतात. बंद केल्यावर काही महिने मन खाली जातं. ते औषध उतरण्याचा भाग आहे, तुझा नालायकपणा नाही. त्या काळात एकटा राहू नकोस, घरात एकाला तरी सांगून ठेव, आणि अंधार फारच दाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

आणि तुला, भांडुपच्या मुला, एवढंच काम देतो. ज्या पैशात कोर्स येणार होता त्यात किती महिन्यांची अंडी, मासे आणि क्रिएटिन येईल, हिशोब करून बघ. बारा आठवड्यांनी वही आणि टेपचे आकडे घेऊन ये, तेव्हा पुढचं ठरवू. डब्याचं काम घरच्यांवर टाकू नकोस, मटकी तूच भिजत घाल. शनिवारी सकाळी भिजवलीस, रात्री उपसून फडक्यात बांधलीस, तर रविवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि सोमवारच्या डब्यात उसळ जाते.